ज्यांना जन्मतारीख नाही, त्यांना ती देऊ नका: दिनविशेषाच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रांतील दिनविशेष सदरांचे संपादक, भिंतीवरच्या कॅलेंडरांचे प्रकाशक, सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांचे संकलक आणि शाळांच्या फलकांसाठी याद्या पुरवणारे सर्वजण

स. न. वि. वि.

दिनविशेषाच्या चौकटीत परदेशी माणसाच्या वाट्याला एकच ओळ येते. साल, नाव, 'अमेरिकेचे अमुकवे राष्ट्राध्यक्ष' आणि कंसात मृत्यूची तारीख. एवढ्याशा ओळीत चुकून चुकणार किती, असे वाटते. पण जानेवारी-फेब्रुवारीच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून बघा. वॉशिंग्टन तीन वेगवेगळ्या दिवशी जन्मलेला सापडतो, लिंकन डिसेंबरात जातो, आणि ज्या माणसांना आयुष्यभर स्वतःची जन्मतारीख कळली नाही त्यांच्या नावापुढे दिवस, महिना, साल सगळे छापलेले असते. चूक कळवली की ठरलेले उत्तर येते, 'इंटरनेटवर तसेच आहे.' नव्या वर्षाच्या यादीत तीच ओळ पुन्हा हजर.

ही ओळ वाचून रद्दीत जाते असे समजू नका. सकाळी ती शाळेच्या फळ्यावर चढते, दुपारी स्पर्धा परीक्षेच्या वहीत उतरते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी दिनविशेषाला तीच आधार होते. आम्ही ग्रंथालयात, वर्गात आणि मुद्रितशोधनाच्या टेबलावर काम करणारी माणसे. 'सर, पुस्तकात एक आणि फळ्यावर दुसरी, खरी कुठली?' हा प्रश्न आमच्याकडे येतो, तुमच्याकडे नाही. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांनी वाचावे म्हणून उघडे.

अमेरिकन माणसांच्या तारखांवर एवढा काथ्याकूट कशाला, असे कुणी म्हणेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव ठाऊक नसलेला वाचक मराठीत शोधावाच लागेल. ही नावे आपल्याकडे केवळ परीक्षेपुरती नाहीत.

वॉशिंग्टनचे अकरा दिवस

पहिली तक्रार वॉशिंग्टनची, आणि ती जरा सविस्तर, कारण इथली गफलत समजली तर अर्धा डझन नावे एकदम सुधारतात.

वॉशिंग्टन घराण्याच्या बायबलमध्ये जन्माची नोंद आहे: ११ फेब्रुवारी १७३१/३२, सकाळी दहाच्या सुमारास. आपण साजरी करतो ती तारीख २२ फेब्रुवारी १७३२. दोन्ही बरोबर, आणि दोन्ही एकाच दिवसाच्या. ब्रिटन आणि त्याच्या वसाहती तेव्हा ज्युलियन ही जुनी कालगणना वापरत आणि त्यांचे वर्ष २५ मार्चला बदले. १७५२ मध्ये ब्रिटनने ग्रेगोरियन, म्हणजे आजची, गणना स्वीकारली. त्या वर्षी बुधवार, २ सप्टेंबरनंतरचा दिवस गुरुवार, १४ सप्टेंबर ठरला आणि वर्षाची सुरुवात १ जानेवारीला आली. बायबलातल्या '१७३१/३२' मधली तिरकी रेघ म्हणजे आपले आर्थिक वर्ष नव्हे. जुन्या हिशोबाने १७३१, नव्याने १७३२, एवढाच तिचा अर्थ. तिची आडवी रेघ करून '१७३१-३२ या काळात जन्म' असे छापणाऱ्याने दिवसाचे वर्ष करून टाकलेले असते.

मराठी वाचकाला हे अवघड जाण्याचे कारण नाही. शिवजयंती तिथीने की तारखेने, हा वाद ऐकतच आपण मोठे झालो. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या तिथीशी जुळणारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही ज्युलियनच आहे. ग्रेगोरियन हिशोबाने तो दिवस १ मार्च. तेव्हा दोन गणनांतला फरक १० दिवसांचा होता, १७०० च्या फेब्रुवारीनंतर तो ११ झाला. हा एक दिवसही याद्यांत अधूनमधून घसरतो.

ब्रिटिश वसाहतीत जन्मलेल्या माणसाची तारीख तपासायची रीत अशी. जन्म २ सप्टेंबर १७५२ च्या आधीचा आहे का, ते पाहा. नसेल तर हात लावू नका. असेल, तर समोरची तारीख जुन्या पद्धतीची आहे की कुणी आधीच बदललेली, याची खात्री करा. जुनीच असेल आणि जन्म १७०० च्या फेब्रुवारीनंतरचा असेल, तर ११ दिवस मिळवा. शेवटी, जुनी तारीख १ जानेवारी ते २४ मार्च यांच्यामध्ये पडत असेल आणि साल जुन्या हिशोबाचे असेल, तरच साल एकने वाढवा.

बेंजामिन फ्रँकलिन: ६ जानेवारी १७०५, म्हणजे १७ जानेवारी १७०६. साल बदलले. जेम्स मॅडिसन: ५ मार्च १७५० चे १६ मार्च १७५१. इथेही बदलले. थॉमस जेफरसन: २ एप्रिल १७४३ चे १३ एप्रिल १७४३. साल तेच, कारण २५ मार्च उलटून गेला होता. जॉन अ‍ॅडम्स: १९ ऑक्टोबर १७३५ चे ३० ऑक्टोबर. जेफरसनच्या माँटिचेलो इथल्या थडग्यावर आजही २ एप्रिल १७४३ हीच तारीख आहे आणि पुढे 'जुनी पद्धत' या अर्थाची 'O. S.' (ओल्ड स्टाइल) ही दोन आद्याक्षरे कोरली आहेत. थडग्याचा फोटो पाहून 'पुस्तकातली तारीख चुकली' असे पत्र पाठवणाऱ्या वाचकाची चूक नाही. दोन अक्षरांचा अर्थ त्याला कुणी सांगितलेलाच नव्हता.

चुका होतात त्या ठरावीक जागी. दिवस बदलला, साल तेच राहिले: २२ फेब्रुवारी १७३१. साल बदलले, दिवस तोच राहिला: ११ फेब्रुवारी १७३२. किंवा आधीच बदललेल्या २२ फेब्रुवारीत कुणी उत्साहाने आणखी अकरा मिळवतो आणि ४ मार्च निघतो. यावर एक सोपा ताळा आहे. बदलण्यापूर्वीची आणि बदलल्यानंतरची तारीख यांचा वार एकच यायला हवा, कारण १७५२ मध्ये तारखा गळल्या, वार गळले नाहीत. वॉशिंग्टनचा वार दोन्हीकडून शुक्रवार येतो. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याच्या बाबतीत मात्र या फंदात पडू नका. त्याची ११ जानेवारी नव्याच पद्धतीची आहे. वाद आहे तो सालाचा, १७५५ की १७५७. म्हणून 'एवढावी जयंती' हे शब्द त्याच्या नावापुढे लिहूच नयेत.

खुद्द वॉशिंग्टनच्या हयातीत तरी कुठे एकमत होते? ११ फेब्रुवारी १७९९ ला तो आपल्या वाढदिवसाच्या समारंभासाठी अ‍ॅलेक्झांड्रियाला गेल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. म्हणजे गणना बदलून ४६ वर्षे उलटली तरी ते गाव जुनीच तारीख धरून होते. त्याच महिन्याच्या २२ तारखेला माउंट व्हर्नन या त्याच्या घरी त्याच्या बायकोच्या नातीचे, नेलीचे लग्न लागले. अमेरिकेतले तिथी-तारखेचे भांडण म्हणा हवे तर.

महिना आधी, दिवस नंतर

दुसरी तक्रार नकलेची. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो. २/१२/१८०९ म्हणजे १२ फेब्रुवारी, लिंकनचा जन्मदिवस. आपल्या सवयीने वाचले की तो २ डिसेंबर होतो. दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी असला की धोका, १३ पासून पुढे नाही, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून मार्टिन ल्यूथर किंग (१/१५) सहसा वाचतो आणि खालचे लोक सापडतात: एडिसन, ११ फेब्रुवारी १८४७, होतो २ नोव्हेंबर, रोझा पार्क्स, ४ फेब्रुवारी १९१३, होते २ एप्रिल, रेगन, ६ फेब्रुवारी १९११, होतो २ जून, जिमी कार्टर, १ ऑक्टोबर १९२४, जातो १० जानेवारीला. लिंकनसाठी एक खूणगाठ बांधून ठेवा: चार्ल्स डार्विन आणि तो एकाच दिवशी, एकाच साली जन्मले. तुमच्या यादीत हे दोघे वेगळ्या पानांवर असतील तर एक जण नक्की चुकलाय.

सोमवारची सुटी म्हणजे जन्मदिवस नव्हे

'२२ फेब्रुवारी: अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष दिनाची सुटी' ही ओळ आता तरी थांबवा. १९७० पर्यंत वॉशिंग्टनची सुटी २२ फेब्रुवारीलाच असे. १९६८ च्या कायद्याने काही सुट्या सोमवारी हलवल्या आणि १९७१ पासून ही सुटी फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी येते. तिसरा सोमवार लवकरात लवकर १५ ला आणि उशिरात उशिरा २१ ला पडतो. म्हणजे वॉशिंग्टनच्या जन्मदिवसाची सुटी वॉशिंग्टनच्या जन्मदिवशी कधीही येऊ शकत नाही. फेब्रुवारीत जन्मलेले राष्ट्राध्यक्ष चार: रेगन ६, विल्यम हेन्री हॅरिसन ९, लिंकन १२, वॉशिंग्टन २२. चौघांपैकी एकही त्या सात दिवसांत बसत नाही. केंद्रीय कायद्यात या सुटीचे नाव आजही 'वॉशिंग्टनचा जन्मदिवस' असेच आहे. राष्ट्राध्यक्ष दिन हे नाव लोकांचे, दुकानांच्या सेलचे आणि काही राज्यांचे. लिंकनच्या जन्मदिवशी केंद्रीय सुटी नसते. इलिनॉयसारखी राज्ये ती देतात.

किंगची सुटीही तशीच, जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी. रेगन यांनी २ नोव्हेंबर १९८३ ला कायद्यावर सही केली आणि पहिली सुटी २० जानेवारी १९८६ ला पडली. पण इथे १५ ते २१ मधली पहिली तारीख हाच खरा जन्मदिवस असल्याने तो अधूनमधून जुळतो. २०२४ मध्ये जुळला होता. २०२७ च्या कॅलेंडरसाठी तारखा अशा: किंगची सुटी १८ जानेवारी, वॉशिंग्टनची १५ फेब्रुवारी.

तारीख नसलेली माणसे

आतापर्यंतच्या चुका निष्काळजीपणाच्या. ही चौथी वेगळी, आणि आमचा खरा आक्षेप हिलाच.

गुलामीतून पळून मुक्त झालेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मकथनात पहिल्याच पानावर सांगून टाकले की आपले नेमके वय आपल्याला ठाऊक नाही. गुलामांना जन्म आठवे तो पेरणीच्या, कापणीच्या, चेरी पिकण्याच्या हंगामाने. आपल्या आज्या 'प्लेगाच्या साली', 'दुष्काळात' असे सांगत, तसेच. तो आपला जन्म १८१७ चा धरून चालला होता. पुढे त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी मालकाच्या वहीतली नोंद अभ्यासकांसमोर आली, गुलामांच्या यादीतली: फेब्रुवारी १८१८. दिवस त्यातही नाही. १४ फेब्रुवारी हा दिवस त्याने स्वतः निवडला, आई आपल्याला लाडाने 'व्हॅलेंटाइन' म्हणत असे या आठवणीवरून. म्हणजे ही तारीख खोटी नाही, पण नोंदलेलीही नाही. 'जन्म: १४ फेब्रुवारी १८१८' असे सरसकट छापले की मालकाच्या वहीतला महिना आणि माणसाने स्वतः घेतलेला दिवस एकाच ठशात मिसळतात. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये निग्रो इतिहास सप्ताह फेब्रुवारीत ठेवला तो लिंकनच्या १२ आणि डग्लसच्या १४ तारखेमुळे. त्याच सप्ताहाचा १९७६ पासून महिना झाला. निवडलेल्या तारखेला एवढा मान मिळाला. तिला 'निवडलेली' म्हणायला आपल्याला का संकोच वाटावा?

महाराष्ट्रात तर हे समजावून सांगायचीही गरज नसावी. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली किती माणसे प्रत्येकाच्या घरात, गावात आहेत! गुरुजींनी प्रवेशाच्या दिवशी घातलेली तारीख. ती कागदापुरती खरी हे त्यांना ठाऊक असते, घरच्यांनाही.

स्वतः गुलामीतून निसटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनचे आणखी विचित्र होते. जन्माचा आधार आहे तो मार्च १८२२ मध्ये सुईणीला पैसे दिल्याची हिशोबातली नोंद. त्यावरून अभ्यासक मार्च १८२२ च्या आसपास असे म्हणतात. १० मार्च हा तिच्या नावाने पाळला जाणारा दिवस तिच्या मृत्यूचा आहे, १९१३ सालचा. आपल्याकडे मात्र '१० मार्च' आणि 'मार्च १८२२' एकत्र येऊन '१० मार्च १८२२: हॅरिएट टबमन यांचा जन्म' अशी ओळ सहज तयार होते.

कार्व्हरचेही तसेच. मिझुरीत डायमंडजवळ मोझेस कार्व्हरच्या शेतावर जन्म. मिझुरीतली गुलामगिरी जानेवारी १८६५ मध्ये संपली, त्याआधीचा, बहुधा १८६४. दिवस नाही, महिनाही नाही. पळवून नेलेले मूल घोड्याच्या बदल्यात परत मिळाले, ही गोष्ट मराठी घरांत मुलांना तोंडपाठ आहे. घोड्याच्या बदल्यात ज्याचा सौदा झाला त्याच्या जन्माची नोंद कोण करणार होते? आणि तरी आपण दिवस छापतो. त्याच्या मृत्यूची तारीख मात्र पक्की आहे: ५ जानेवारी १९४३. स्मृतिदिन म्हणून तीच छापता येते.

गुलामीत जन्मलेली, पुढे तिच्याविरुद्ध बोलणारी सोजर्नर ट्रुथ: १७९७ च्या सुमारास, बस्स. गुलामीत जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी स्वतः १८५८ किंवा १८५९ असे लिहिले, आज सर्वत्र ५ एप्रिल १८५६ धरतात. तिथे 'रूढ तारीख' एवढा एक शब्द पुरे. जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँग जन्मभर ४ जुलै १९०० सांगत राहिला. न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद त्याच्या मृत्यूनंतर सापडली, ती ४ ऑगस्ट १९०१ सांगते. इथे कागद आहे, म्हणून कागदाची तारीख छापावी. ४ जुलैला खरोखर जन्मलेला राष्ट्राध्यक्ष एकच, कॅल्विन कूलिज, १८७२. जेफरसन आणि जॉन अ‍ॅडम्स त्या तारखेला जन्मले नाहीत, वारले, तेही एकाच दिवशी, १८२६ मध्ये.

आडनावे

हे थोडक्यात. नुसते 'रूझवेल्ट' लिहू नका: थिओडोर २७ ऑक्टोबर १८५८, फ्रँकलिन ३० जानेवारी १८८२. नुसते 'जॉन्सन'ही नको: अँड्र्यू २९ डिसेंबर १८०८, लिंडन २७ ऑगस्ट १९०८. शतकाचा फरक असल्याने सालातला एक आकडा चुकला की गोंधळ पक्का. जन्मनावेही पाहा. किंगचे पाळण्यातले नाव मायकेल, ग्रँटचे हायरम युलिसिस, जेराल्ड फोर्डचे लेस्ली किंग. जुन्या कागदांत ती नावे दिसली की 'हा दुसरा कुणीतरी' म्हणून ओळ गाळली जाते.

मागण्या

एक. प्रत्येक जन्मतारखेला आतल्या यादीत दर्जा लावा: नोंदलेली, जुन्या पद्धतीवरून बदललेली, निवडलेली, रूढ, अंदाजे. छापताना पहिल्या दर्जाला काही लिहू नका, बाकीच्यांना 'ब.', 'नि.', 'रू.', 'अं.' अशी खूण द्या आणि पानाच्या तळाशी तिचा अर्थ. एक ओळ जाते, जास्त नाही.

दोन. ज्यांचा दिवस ठाऊक नाही त्यांना कुठल्याही तारखेच्या चौकटीत जन्म म्हणून घालू नका. महिना ठाऊक असेल तर महिन्याच्या शेवटी 'या महिन्यात जन्म' अशी जागा करा, तोही ठाऊक नसेल तर फक्त स्मृतिदिन द्या. टबमन १० मार्चला आणि कार्व्हर ५ जानेवारीला, पण 'मृत्यू' या शब्दासह.

तीन. परदेशी यादीतून तारीख उतरवताना महिना अक्षरांत लिहा. 'फेब्रु.' चालेल, '२' चालणार नाही. हा नियम टंकलेखनाच्या टेबलावरच लागला पाहिजे, तपासणीपर्यंत उशीर होतो.

चार. जन्मदिवस आणि सुटी या दोन वेगळ्या ओळी ठेवा. सोमवारच्या सुट्या दरवर्षी नव्याने मोजा, मागच्या वर्षीचे पान पुढे ढकलू नका.

पाच. वाचकाने चूक कळवली तर आधार मागा आणि तुमचाही द्या. 'इंटरनेटवर आहे' हा आधार नव्हे. चूक मान्य झाली तर पुढच्या आवृत्तीची वाट न पाहता त्याच सदरात दुरुस्ती छापा, आणि तारीख चुकीची होती ती का, तेही एका वाक्यात सांगा. नुसती बरोबर तारीख छापली तर वहीत आधीची उतरवलेल्या मुलाला दोन्हीतली कुठली घ्यायची ते कळत नाही.

सहा. १५ जानेवारी २०२९ ची चौकट आत्ताच राखून ठेवा. त्या दिवशी किंगच्या जन्माला १०० वर्षे पूर्ण होतात आणि तो दिवस जानेवारीतला तिसरा सोमवारही आहे. त्या एका वर्षी 'जन्मशताब्दी' आणि 'सुटी' या दोन्ही ओळी एकाच तारखेखाली छापता येतील. २०३० ची यादी करताना मात्र सुटी २१ तारखेला न्यावी लागेल.

आपले नम्र,
दिनविशेष रोज वाचणारे काही ग्रंथपाल, शिक्षक आणि मुद्रितशोधक